कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं पुस्तकवालं कॅफे: गप्पा एक नंबर, बाकी रामभरोसे

पाचपैकी साडेतीन. शनिवारी संध्याकाळी इथे इतिहासाच्या गप्पा असतात, दीडशे रुपये एन्ट्री, त्यात एक चहा. यावेळी विषय होता मोरिस्को वकील, म्हणजे स्पेनमधे जबरदस्तीने ख्रिश्चन केलेल्या मुसलमानांपैकी जे पुढे सुलतानांचे राजदूत झाले ते. मला वाटलं नुसती सनावळी असेल, पण मॅडमनी एकच माणूस धरला, अहमद बिन कासिम अल-हजरी, आणि दीड तास कोणी मोबाईलला हात लावला नाही.

गंमत बघा, अरबीवर 1567 पासून बंदी, आणि 1588 मधे ग्रॅनडात जुन्या मशिदीचा मिनार पाडताना सापडलं काय तर अरबी मजकूर असलेलं चर्मपत्र, आता ते वाचणार कोण? हजरीला येत होतं पण येतं म्हणायची चोरी! शेवटी आर्चबिशपनेच त्याला परवाना दिला. 1599 मधे हा पठ्ठ्या ख्रिश्चन म्हणूनच जहाजाने मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांच्या माझागान किल्ल्यात उतरला, तिथून सटकला तो थेट मोरोक्कोच्या सुलतानाच्या मुलखात, आणि पुढे मराकेशला सुलतान मौले झैदानचा दुभाषी झाला.

1609 ते 1614 मधे स्पेनने तीनेक लाख मोरिस्को हाकलले, त्यातले काही फ्रेंच जहाजांवर चढले तर कप्तानांनीच त्यांना लुटलं. तो माल सोडवायला 1611 ला हजरी फ्रान्सला गेला आणि मग सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे मारतात तशा कोर्टकचेरीच्या चकरा. मधल्या वेळात पाद्र्यांशी, कोर्टातल्या वकिलांशी धर्मावर वाद घालायचा, तेही स्पॅनिशमधे. आणि एर्पेनियस नावाचा डच पंडित पॅरिसजवळ त्याच्याकडूनच अरबी शिकत होता, जो पुढे लायडनला प्रोफेसर झाला. नंतर हॉलंडला तिथल्या राजपुत्र मॉरिससोबत चर्चा कसली तर स्पेनविरुद्ध युती जमेल का. एकमेकांचा धर्म खोटा म्हणणारी माणसं एका टेबलावर बसतात ती अशी, मला हा भाग सगळ्यात आवडला.

आता तक्रारी. नकाशा मागून कोणालाच दिसत नव्हता, माईक मधेच खरखरायचा, आणि प्रश्न सुरू झाले तोच किचन बंद करायचंय म्हणून लाईट घालवायला लागले, अरे पैसे घेतलेत ना? चहा म्हणजे साखरेचा पाक. सँडविचच्या नादी लागू नका. गाडी मेन रोडलाच लावा, गल्लीत वळवायला जागा नाही, आणि साडेपाचलाच पोचून पुढची रांग धरा.