फुटबॉलचा हंगामी पास: एकच दर की वयानुसार?

जळगाव-भुसावळमध्ये फुटबॉल सामन्यांचा हंगामी पास सुरू करायचा, तर दर कसा ठेवावा?

एकच दर ठेवला की हिशेब सोपा. वयाचा दाखला तपासायला नको, खिडकीवर वाद नको. पण समजा पास ५०० रुपयांचा आहे. नवरा-बायको, आजोबा आणि दोन पोरं मिळून २,५०० होतात. मग घरातून एकटा बाप येतो, आणि ज्यांना या खेळाची गोडी लागायला हवी ती पोरं घरीच राहतात.

वयानुसार दर लावून पाहा: बारा वर्षांखाली मोफत, शाळकरी १००, ज्येष्ठ २५०. लहान मुलगा, त्याची शाळकरी बहीण आणि आजोबा धरूनही तेच कुटुंब १,३५० मध्ये येतं. तपासणीची कटकट वाढते खरी, पण वेगवेगळ्या रंगाचे पास दिले की फाटकावर काम भागतं. मला हाच मार्ग पटतो, मात्र एका अटीवर. अठराव्या वर्षी १०० चे एकदम ५०० झाले, तर कॉलेजातली पोरं तुटतील. १८ ते २४ साठी मधला दर हवाच.

चाहत्यांना गृहीत धरलं तर काय होतं? फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचे हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून गेले. मालकांनी काही दिवसांतच दरवाढ मागे घेतली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट: कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो. पावसाळ्यात पूर्ण रक्कम मागू नका, दोन हप्ते द्या.