उसनी गाणी, पिकलेला गळा : ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह’

नाट्यसंगीतावर पोसलेल्या कानाला एकाचे गाणे दुसऱ्याने गाण्यात काही वावगे वाटत नाही. मास्टर दीनानाथांची पदे वसंतराव देशपांडे गात, तेव्हा आपण नक्कल ऐकतो आहोत असे कोणाच्या मनातही येत नसे. रॉकमध्ये मात्र, स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या गायकाने इतरांच्या गाण्यांचा अल्बम काढला, की याच्याजवळचे सांगायचे संपले की काय, अशी कुजबुज सुरू होते. ब्रूस स्प्रिंगस्टीनने वयाच्या 73 व्या वर्षी, नोव्हेंबर 2022 मध्ये, सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांच्या संगीतातील 15 गाणी गाऊन हा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा ती कुजबुज माझ्याही मनात होतीच.

पहिल्या ऐकण्यातच ती बरीचशी विरली, याचे श्रेय गळ्याला. या वेळी आपल्याला फक्त गायचे होते, असे स्प्रिंगस्टीनने सांगितले होते, आणि ते खरोखर ऐकू येते. विल्यम बेलचे ‘आय फरगॉट टू बी युवर लव्हर’ हे 1968 चे गाणे घ्या. संसाराच्या धबडग्यात प्रेम करायचेच राहून गेले, ही त्यातली कबुली तरुण गळ्यात विनवणीसारखी वाटते. सत्तरी ओलांडलेल्या, कडांना खरखरीत झालेल्या आवाजात तीच कबुली फार उशिरा दिलेली वाटते, आणि म्हणून अधिक लागते. या गाण्यात आणि ‘सोल डेज’मध्ये साथीला सॅम मूर आहेत. ‘सॅम अँड डेव्ह’ या जोडीतले हे सॅम 2025 च्या जानेवारीत गेले. त्यांचा आवाज मागून येतो, तेव्हा शिष्याने गुरूला मैफलीत शेजारी बसवल्यासारखे वाटते. ‘नाइटशिफ्ट’ तितकेच जमले आहे. मार्विन गे आणि जॅकी विल्सन हे दोघेही सोल गायक 1984 मध्ये गेल्यानंतर ‘कमोडोर्स’ या बँडने त्यांच्या आठवणीत गायलेले हे गाणे येथे जवळजवळ कुजबुजत उलगडते.

तक्रार आहे ती वाद्यवृंदाबद्दल. निर्माता रॉन अनिएलो याने ड्रम, बास, की-बोर्ड अशी बहुतेक वाद्ये एकट्याने वाजवून थरांवर थर रचले आहेत. ब्रास आणि तंतुवाद्ये वरून आली आहेत. कारागिरी निर्दोष आहे, पण मूळ गाण्यांचा जीव कशात होता, हे आठवून पाहावे. डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या छोट्याशा स्टुडिओत ‘फंक ब्रदर्स’ हे वादक एका खोलीत बसून एकमेकांकडे पाहत वाजवत. जेम्स जेमर्सनचा बास पुढे सरकला की ड्रम त्याच्यामागे किंचित रेंगाळत असे. लयीतला तो झोल एकट्या माणसाला, कितीही गुणी असला तरी, कसा साधणार? स्वतः स्प्रिंगस्टीनला हे ठाऊक नाही असेही नाही, कारण लोकगायक पीट सीगरशी निगडित लोकगीतांच्या 2006 च्या अल्बमात त्याने भलामोठा ताफा आपल्या न्यू जर्सीच्या शेतघरी जमवून सगळे एकत्र वाजवून घेतले होते, आणि तेथली धमाल आजही ताजी वाटते.

शिवाय मांडणी मुळाला फारच धरून आहे. ‘फोर टॉप्स’च्या ‘सेव्हन रूम्स ऑफ ग्लूम’मध्ये आणि जिमी रफिनच्या ‘व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड’मध्ये बंदिश आहे, बढत नाही, ऐकताना मूळ ध्वनिमुद्रिकाच लावावीशी वाटू लागते. अपवाद ‘डू आय लव्ह यू’चा. फ्रँक विल्सनच्या 1965 च्या या गाण्याच्या मोजक्याच तबकड्या वाचल्या आणि त्यांतली एक पुढे लिलावात 25 हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. उत्तर इंग्लंडच्या नाचघरांनी जपलेले हे गाणे स्प्रिंगस्टीन असा काही उधळून गातो, की वाद्यांचा गुळगुळीतपणा जाणवायला उसंतच मिळत नाही.

शेवटी ‘सुप्रीम्स’चे ‘समडे वुइल बी टुगेदर’ आहे. ते ठीक आहे, इतकेच. सोल संगीताशी ओळख नसलेल्याने हा अल्बम अवश्य घ्यावा आणि सुरुवात ‘नाइटशिफ्ट’पासून करावी. ज्यांच्याकडे मोटाउन आणि स्टॅक्स या कंपन्यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांना यातली सॅम मूर यांच्यासोबतची दोन गाणी आणि फ्रँक विल्सनचे एक पुरेल.