डिफ्रन्शियलच्या नावाखाली ३८,५०० उकळले. पिकअपवाल्यांनो, सावध राहा

७६,४०० रुपये. मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या डिफ्रन्शियलमधलं एक पिनियन बेअरिंग आणि एक ऑईल सील, एवढंच काम होतं माझ्या गाडीचं, आणि त्यापायी एवढी रक्कम गेली. घरच्यांना पूर्ण आकडा सांगायलाही लाज वाटत होती. पण माळशेज घाटाखाली हा डाव अजून चालूच असणार, म्हणून लिहितोय.

जुन्नर भागातून टोमॅटो भरून मी माळशेजमार्गे वाशीला जातो. २०१२ ची पिकअप, मालकही मीच आणि ड्रायव्हरही मीच. त्या रात्री ६५ क्रेट होते. घाट उतरताना मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. खाली येऊन गाडी बाजूला घेतली तर डिफ्रन्शियलच्या तोंडाशी तेल ओघळलेलं. तेवढ्यात बाईकवर एक पोरगा हजर. ‘दादा, पुढंच आपला फिटर आहे, रात्रीचा उघडा असतो.’ असे पोरगे कोणासाठी फिरतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण माल भरलेला, पाठीमागे घाट, फोन लागत नाही. दुसरा इलाज काय होता?

फिटरने चाकं काढली, एक्सल ओढायला घेतले आणि मला म्हणाला, ‘शेठ, वेळ लागंल, चहा घेऊन या.’ इथे हलायचं नाही! पाऊस असो, झोप येवो, डिफ्रन्शियल उघडताना गाडीपाशीच उभं राहायचं. मी परत आलो तर ट्रेमध्ये काळं तेल आणि त्यात पिनियनचे तीन तुटलेले दात. ‘क्राऊन-पिनियन गेलं तुमचं. ह्याच्यावर गाडी ओढली तर हौसिंग फुटंल.’ पिनियन म्हणजे आतलं छोटं दातेरी चाक, क्राऊन म्हणजे ते ज्याला फिरवतं ते मोठं.

त्या दातांचं सांगतो, कारण माझं मन अजून तिथेच अडकलंय. एक दात मी हातात घेतला होता. तुटलेल्या बाजूला बोट फिरवलं तर तांबूस भुकटी बोटाला लागली. गंज! तासाभरापूर्वी, तेही तेलात बुडालेला दात तुटला असता तर तुटलेली जागा चांदीसारखी चकचकीत दिसली असती. गंज चढायला दिवस जातात. ते दात दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, दाखवायला ठेवलेले. आता जो तो मला म्हणतो, ‘तेव्हाच कळायला हवं होतं.’ म्हणणं सोपं आहे. मोबाईलच्या उजेडात, रात्री दीड वाजता, पहाटेचा बाजार गाठायचा असताना, समोर दोन माणसं घाई करत असताना कोणीही फसला असता.

१५,००० रुपये आगाऊ दिले. क्रेट दुसऱ्या गाडीत टाकले, तिचं भाडं ६,५००. दुसऱ्या दिवशी गाडी तयार. हिशेब असा: ‘नवा’ क्राऊन-पिनियन १९,५००, बेअरिंग ६,८००, नव्वद नंबर तेल आणि सील २,२००, मजुरी १०,०००. उरलेले २३,५०० मी क्यूआर कोडवर भरले. नाव आलं भलत्याच माणसाचं. बिल म्हणजे वहीचं पान, गॅरेजचं नावसुद्धा नाही. जुना जोड मागितला तर म्हणे तो भंगारात गेला. जुना माल दिल्याशिवाय पैसे देऊ नका, कोणी काहीही म्हणो.

गाडी धावत होती, पण टॉपला इंजिन उगाच ओरडायचं. काट्यावर ६०, मोबाईलच्या नकाशात ५३. वाशीपर्यंत जिथे दीडशेच्या आसपास किलोमीटर पडायचे, तिथे मीटर एकशे सत्तरच्या घरात जायला लागला. आमच्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सवर चालतो. मागचा रेशो, म्हणजे पिनियन आणि क्राऊनच्या दातांचं प्रमाण, बदलला की मीटर खोटं बोलतो. गावाकडच्या माझ्या फिटरने उघडलं तर पिनियनच्या ९ दातांना क्राऊनचे ४१, त्याच्या जागी ८ ला ४१. वर क्राऊनवरचा नंबर वेगळा, पिनियनवरचा वेगळा. हे दोन्ही कारखान्यात जोडीने घासून बसवतात, म्हणून दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. इथे दोन भंगार गाड्यांचे तुकडे एकत्र बसवलेले. दात खाल्ले गेले होते. खरा जोड, बेअरिंग, सगळं धरून आणखी ३१,४०० गेले. आधीचे ३८,५०० आणि क्रेटचं भाडं मिळून ७६,४००. माझा चांगला जोड घाटाखालच्या फिटरने कोणाला विकला असेल ते त्यालाच ठाऊक. गाडी धड असतानाच तो नंबर आणि दात मोजून लिहून ठेवा.

आणि मग पोलीस. ‘गाडी चालू करून दिली ना? मग फसवणूक कसली?’ पहिलं उत्तर हे. दुसरं, ‘आमची हद्द नाही.’ त्या हद्दीत गेलो तर, ‘हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.’ गंजलेले दात टेबलावर ठेवले, साहेबांनी पाहिलेही नाहीत! १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्या असं लिहिलंय. मी ते छापून नेलं. ‘आम्हाला कायदा शिकवू नका,’ असं ऐकून घ्यावं लागलं. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं. राबून खाणाऱ्या माणसाने जायचं कुठे?

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली. समोरच्याकडून उत्तर नाही म्हणून ती बंद झाली. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, ‘गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक होत नाही.’ साफ चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. मी स्वतः स्टिअरिंगवर बसतो. हे ऐकून परत फिरू नका, अर्ज द्याच. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. विम्याच्या नादी लागू नका, असला यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

आता आयोगात तक्रार दाखल आहे. क्यूआरची पावती, वहीचं पान, दोन्ही नंबरांचे फोटो आणि माझ्या फिटरचं लेखी म्हणणं जोडलंय. ‘त्या फिटरला जाऊ द्या’ असं मला म्हणणारे बरेच भेटले. मी जाऊ देणार नाही. त्याच पट्ट्यात कोणाला असंच वहीच्या पानावरचं बिल मिळालं असेल तर ते जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.