बागुलांच्या दोन कथा: आधी कुठली वाचाल?

दलित साहित्यातले कथाकार बाबुराव बागूल मुंबईत वाढले, माटुंगा लेबर कॅम्पात. त्यांचं काही वाचलं नसेल तर सुरुवात 'जेव्हा मी जात चोरली होती'पासून करा. याच नावाचा संग्रह १९६३ साली आला. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण निवेदक जात लपवून भाड्यानं राहतो. कुणी आपुलकीनं बोललं तरी त्याच्या पोटात गोळा येतो. त्याच्यासोबत काम करणारा काशिनाथ सकपाळ मात्र जात न लपवता उघडपणे भिडतो, आणि शेवटी मार खाणाऱ्या निवेदकाला तोच सोडवतो. कथेला वेग जबरदस्त आहे. संवाद मधूनमधून भाषणाकडे झुकतात, पण त्या रागाला ते शोभतात.

माझं मत विचाराल तर 'आई' त्याहून मोठी कथा. वर्गात आईची महती सांगणारी कविता चालू असते आणि पोरं पांडूला त्याच्या विधवा आईवरून, तिचं नाव मुकादमाशी जोडून टोचतात. आईचे गोडवे गाणारं साहित्य आपल्याकडे उदंड. बागूल इथं तिला शरीर देतात, तारुण्य देतात, तिची ओढही लपवत नाहीत. तिला दोष देत नाहीत, पांडूचं दुखणंही कमी करत नाहीत. पहिली वाचून हात शिवशिवतात. 'आई'नंतर मला कुणाशी बोलवत नाही.