लेस्टरशायरची मेंबरशिप: एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

लेस्टरमध्ये नवीन आलेल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, ग्रेस रोडची, म्हणजे लेस्टरशायर काउंटीच्या क्रिकेट ग्राउंडची, मेंबरशिप घ्यावी का, की काउंट्यांच्या टी-ट्वेंटी ब्लास्टचं एखादं तिकीट काढून मोकळं व्हावं. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहितेय. मी २०२४ च्या सीझनसाठी घेतली होती, एप्रिल ते सप्टेंबर, पण हा रिव्ह्यू मुख्यतः वन-डे कपचा, म्हणजे काउंट्यांच्या पन्नास ओव्हरच्या स्पर्धेचा आहे, कारण चॅम्पियनशिपच्या चार-चार दिवसांच्या मॅचला नोकरी करणारं माणूस जाणार कधी, आणि ब्लास्टबद्दल लिहायला बाकीचे खूप आहेत.

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेले लोक सुटतील: घ्या. पण स्टार बघायला मिळतील म्हणून घेत असाल तर नका घेऊ, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात चिडचिड होईल.

कारण असं की २०२१ पासून वन-डे कप आणि ‘द हंड्रेड’ (शंभर-शंभर बॉलची वेगळी स्पर्धा) एकाच वेळी चालतात, दोन्ही जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. हंड्रेडमध्ये निवडले गेलेले सगळे जण तिकडे जातात, मग इकडे काउंटीकडे उरतं कोण, तर अकॅडमीतली पोरं, सेकंड इलेव्हनवाले, दोन-तीन मुरलेले जुने खेळाडू आणि परदेशातून आलेला एखादा. अठरा काउंट्या, नऊ-नऊचे दोन ग्रुप, प्रत्येकी आठ मॅच, त्यातल्या चार घरी. ग्रुपमधला पहिला थेट सेमीला, दुसरा-तिसरा क्वार्टर फायनल खेळणार. जिंकलं की पूर्ण पॉइंट, पावसात वाहून गेली की निम्मे-निम्मे. आणि ग्रुपच्या सगळ्या मॅच साधारण तीन आठवड्यांत उरकतात, म्हणजे एका आठवड्यात दोन मॅच पाण्यात गेल्या की कॅल्क्युलेटर काढून बसायचं.

इंग्लिश फॅन लोक या गोष्टीवर जाम वैतागलेले असतात आणि मला ते पटतंही. ज्या देशात काउंट्यांचं वन-डे क्रिकेट सुरू झालं तिथेच पन्नास ओव्हरची स्पर्धा अशी कोपऱ्यात ढकललेली. त्यात लेस्टरवाल्यांना जरा जास्तच लागतं, कारण या सगळ्याची सुरुवातच इथून झाली. १९६२ मध्ये लेस्टरशायरचे सेक्रेटरी माइक टर्नर यांनी शेजारच्या डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायरला गोळा करून मिडलँड्स नॉक-आउट कप घेतला, ६५ ओव्हरचा. फायनलला नॉर्थॅम्प्टनशायरने लेस्टरशायरलाच हरवलं (यजमानांचं नशीब), आणि पुढच्याच वर्षी, १९६३ ला, सगळ्या काउंट्यांसाठी जिलेट कप सुरू झाला. आज आपण वर्ल्ड कप म्हणून जे रात्र रात्र जागून बघतो त्याचं मूळ या ग्रेस रोडच्या परिसरात आहे हे मला इथे राहायला लागून बराच काळ झाला तरी माहीत नव्हतं.

पण ‘बी टीमची स्पर्धा’ असं म्हणून जे नाक मुरडतात त्यांच्याशी मी भांडते. २०२३ ची फायनल आठवा. ट्रेंट ब्रिज, १६ सप्टेंबर, समोर हॅम्पशायर. लेस्टरशायर ८९ वर ६. मी घरी टीव्हीसमोर, नवरा म्हणाला आता बंद कर आणि भाजी आणायला चल. बॅटिंगला होता हॅरी स्विंडल्स, जो टीममध्ये आला होता ते पीटर हँड्सकॉम्ब ऑस्ट्रेलियाला परत गेला म्हणून. त्याने नाबाद ११७ मारल्या, सॅम इव्हान्सने ६०, आणि ८९ ला ६ चे झाले २६७ ला ७. मग शेवटच्या ओव्हरमध्ये हॅम्पशायरला ८ हव्या होत्या आणि बॉल होता १९ वर्षांच्या जॉश हलच्या हातात, हा उंच डावखुरा पोरगा, त्याने पाचच दिल्या. दोन रननी जिंकलो. १९८५ नंतर पहिल्यांदा लेस्टरशायरकडे वन-डेची ट्रॉफी आली. भाजी दुसऱ्या दिवशी आणली. जवळपास एका वर्षाने तोच हल ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध इंग्लंडकडून टेस्ट खेळत होता. आता मला सांगा, सगळे स्टार हजर असते तर त्या दिवशी स्विंडल्स आणि हल यांना कोणी विचारलं असतं का? ही स्पर्धा बघायची ती यासाठी. पुढच्या वर्षी टीव्हीवर दिसणारा मुलगा आज तुमच्यापासून वीस फुटांवर बाउंड्रीला उभा असतो, स्वेटरच्या बाह्या ओढत.

त्या फायनलनंतरच मी मेंबरशिप घ्यायचं ठरवलं, आणि दुसरं कारण म्हणजे अजिंक्य. रहाणे खरं तर २०२३ लाच लेस्टरशायरकडे येणार होता, पण विश्रांतीसाठी त्याने नाव मागे घेतलं, मग २०२४ ला आला आणि वन-डे कप खेळला. (काउंटी त्याला नवीन नाही, २०१९ ला हॅम्पशायरकडून पहिल्याच मॅचला शंभर मारले होते.) त्याच्यामुळे त्या महिन्यात ग्रेस रोडवर मराठी एवढं ऐकू यायचं की विचारू नका. एरवी इथे गुजराती कानावर पडतं, ते तर लेस्टरमध्ये पडणारच, पण “अज्जू, एक घे ना रे” असं मागच्या रांगेतून ऐकलं की मान आपोआप वळते.

आता दिवस कसा जातो ते, कारण मेंबरशिप म्हणजे खरं तर हेच विकत घेताय. मॅच सकाळी अकराला. स्टेशनवरून चालत अर्धा-पाऊण तास, वाटेत टायगर्सचं रग्बी स्टेडियम लागतं, तिथून सरळ एलस्टन रोडने. ग्राउंड बाहेरून बघितलं तर वाटतं एखाद्या सोसायटीच्या मागे आलोय, चारही बाजूंनी घरं. आत जाऊन कुठेही बसा. आधीच सांगते, मोठ्या टेस्ट ग्राउंडसारखं भव्य काही नाही, ज्यांना वानखेडेची सवय आहे त्यांना पहिले दहा मिनिटं वाटेल की आज मॅच आहे ना नक्की? आवाजच नसतो. बॅटचा आवाज, विकेटकीपरची बडबड, आणि मधेच टाळ्या, त्याही मोजून. चांगला बॉल सोडला तरी टाळ्या. माझ्या पुढच्या रांगेत कायम एक आजोबा असायचे, स्वतःचं स्कोअरबुक घेऊन, चार रंगांची पेनं, प्रत्येक बॉलरचा रंग वेगळा. चहाला उठायच्या आधी शेजारच्याला “दोन बॉल बघून ठेव” म्हणून सांगून जायचे. एकदा मला सांगितलं आणि मी दोन्ही डॉट बॉल इमानदारीत लिहून ठेवले, तेव्हापासून ओळख झाली.

जून संपता संपता माझे बाबा पुण्याहून आले होते, तीन महिने होते. पहिल्या दिवशी म्हणाले, “अगं हे तर आपल्या नेहरू स्टेडियमवरच्या रणजीसारखं आहे.” म्हटलं हो, फक्त उन्हाऐवजी वारा. बाबांनी १९९६ च्या वर्ल्ड कपमधली केनिया-वेस्ट इंडीज मॅच नेहरूवर बसून बघितलेली, वेस्ट इंडीज ९३ ला ऑलआउट झाली ती, त्यामुळे छोट्या टीमने मोठ्याला हरवलं की त्यांना विशेष आनंद होतो आणि लेस्टरशायर त्यांना लगेच आवडलं. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. खाणं बाहेरून आणायचं असेल तर लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह रोडवरून आदल्या दिवशी थेपले-कचोरी घेऊन ठेवा, स्वस्त पडतं आणि पन्नास अधिक पन्नास ओव्हर म्हणजे दोन वेळचं खाणं लागतं, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. दोन इनिंगच्या मधे परवानगी असेल तेव्हा लोक आउटफील्डवर फिरायला जातात, पोरं टेनिस बॉलने खेळतात, म्हातारे थेट पिचपाशी जाऊन दोरीच्या बाहेरून खाली वाकून बघतात आणि माना हलवतात. बाबाही बघून आले. “दुसऱ्या इनिंगला वळणार,” म्हणाले. नाही वळला.

बाबांनी एक गोष्ट आठवण करून दिली जी मी विसरले होते. १९ मे १९९९, वर्ल्ड कप, भारत-झिम्बाब्वे, हेच ग्राउंड. सचिनचे वडील गेले म्हणून तो मुंबईला परतला होता. आपण ५१ एक्स्ट्रा दिल्या, स्लो ओव्हर रेटमुळे चार ओव्हर कापल्या गेल्या, त्यामुळे ४६ ओव्हरमध्ये २५३ करायच्या होत्या, आणि शेवटी हेन्री ओलोंगाने एका ओव्हरमध्ये तीन विकेट काढल्या, २४९ ला ऑलआउट. तीन रन. सचिन परत आला आणि चार दिवसांनी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० मारल्या ते सगळ्यांना आठवतं, ही मॅच कुठे झाली ते विचारलं तर निम्मे लोक लॉर्ड्स म्हणतात. बाबा पहिल्या ड्रिंक्सपर्यंत त्याच विषयावर होते, रॉबिन सिंग कुठे झेल देऊन गेला त्या दिशेला हात करून दाखवत.

क्रिकेटची क्वालिटी? वर-खाली. फील्डिंग कधी कधी बघवत नाही, सेकंड इलेव्हनची पोरं असतात, कॅच सुटतात. मधल्या ओव्हर म्हणजे वीस ते पस्तीस बऱ्याचदा संथ. टी-ट्वेंटीवर वाढलेल्यांना झोप येईल. पण त्याच स्पर्धेत ९ ऑगस्ट २०२३ ला शेजारच्या नॉर्थॅम्प्टनला पृथ्वी शॉने सॉमरसेटविरुद्ध १५३ बॉलमध्ये २४४ मारल्या, २८ फोर, ११ सिक्स. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये होते आणि फोनवर स्कोअर रिफ्रेश करत होते. तिथून इथे ट्रेन-बसचा तासा-दीड तासाचाच मामला, म्हणून अजून जळफळाट होतो.

ऑफिसमध्ये असताना स्ट्रीम हा मोठा आधार. काउंट्या आपापल्या यूट्यूबवर मॅच फुकट दाखवतात, सोबत बीबीसीच्या लोकल रेडिओची कॉमेंट्री. ही कॉमेंट्री मला टीव्हीपेक्षा आवडायला लागली. किंचाळणं नाही, मधे पाच मिनिटं केकवर गप्पा, मग अचानक विकेट. भारतात बसून बघणाऱ्यांनाही सोयीचं, इथले सकाळचे अकरा म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. माझा भाऊ कोल्हापुरात दुकानात लावून ठेवतो. त्याला मी विचारलं विजय हजारे का नाही लावत, तर म्हणाला बघायला मिळाली तर लावीन. खरंय ते. ऋतुराजने २०२२ ला एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारल्या तेव्हा बघायला प्रेक्षक किती होते ते फुटेजमध्ये दिसतंच. आपल्याकडे डोमेस्टिक वन-डे बघायला जायचं असं कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि इथे त्यासाठी लोक वर्षाची वर्गणी भरतात. हा फरक मला अजून पचलेला नाही.

तक्रारी. पाऊस ही एक नंबर. २०२४ ची फायनलच घ्या, ठरलेल्या दिवशी धुतली गेली, राखीव दिवशी वीस-वीस ओव्हरची झाली, ग्लॅमॉर्गन १५ रननी जिंकले सॉमरसेटविरुद्ध. पन्नास ओव्हरच्या स्पर्धेची फायनल वीस ओव्हरची, काय बोलणार. (आपल्याला सेमीला सॉमरसेटनेच हरवलं होतं, त्यामुळे मी ग्लॅमॉर्गनकडून होते, शुद्ध सूडबुद्धीने.) दुसरी तक्रार म्हणजे बऱ्याच मॅच आठवड्याच्या मधल्या दिवशी, रजा टाकावी लागते. शाळांना सुट्टी असते म्हणून तेव्हा ठेवतात हे समजतं, पण आई-बापांना कुठे सुट्टी असते. तिसरी, थंडी. ऑगस्टमध्ये थंडी म्हटलं तर पुण्यातले हसतात, पण संध्याकाळी पाचनंतर सावलीच्या स्टँडमध्ये बाबांनी कानटोपी घातली होती, पुरावा म्हणून फोटो आहे.

आणि एक सल्ला, जमलं तर एखादी मॅच दुसऱ्या गावात जाऊन बघा. ज्या काउंट्यांच्या ग्राउंडवर हंड्रेड चालू असतं त्या या महिन्यात छोट्या गावांतल्या क्लबच्या मैदानांवर खेळतात, सरे गिल्डफर्डला, यॉर्कशायर स्कारबरोला समुद्राजवळ. तंबू, घडीच्या खुर्च्या, कुत्री. मेंबरशिप तिकडे चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं, पण एक दिवसाची ट्रिप म्हणून पैसा वसूल.

कोणासाठी नाही ते पण लिहिते. ज्यांची मुलं पाच वर्षांच्या खालची आहेत त्यांनी नुसतं एका दिवसाचं तिकीट घ्या, लंचपर्यंत टिकलात तरी खूप. ज्यांना फक्त भारतीय खेळाडू बघायचेत त्यांनी आधी बघा त्या वर्षी कोण येतंय, कधी येतो कधी नाही, आणि आला तरी मधेच दुखापत होते, शॉचंच बघा, २४४ नंतर पुढच्या मॅचला नाबाद १२५ आणि लगेच गुडघा, सीझन खलास. ज्यांना सात तास एका जागी बसून फोन न बघता राहता येतं, किंवा राहता येतं का ते बघायचंय, त्यांच्यासाठी आहे हे.

मी रिन्यू केली आहे. नवऱ्यानेही या वेळी स्वतःची घेतली, मॅच बघायला नाही, ग्राउंडवरचा चहा आवडला म्हणून असं सांगतो. बाबांना व्हिसासाठी कागद पाठवलेत, जुलैच्या शेवटी पोचतील असं तिकीट बघतेय. अजून कोणाला जायचं असेल तर फिक्श्चर आल्यावर सांगा, आम्ही साइटस्क्रीनच्या उजवीकडे बसतो, दशम्या जास्तीच्या असतात.