डीव्हीडी उघडत होती, पण आमच्याच कॉम्प्युटरवर

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी हिशोब बघतो. आडतीसोबत मालकांची सोयाबीनची खरेदी-विक्रीही आहे, त्यामुळं टॅली, जीएसटी, स्कॅन केलेल्या हिशोबपट्ट्या, सगळं माझ्याच टेबलावर. 2018 साली कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या एका पोरानं मला बॅकअपचं पटवलं. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशोब सांभाळावा लागतो, हा जीएसटीचा नियम त्यानंच मला ऐकवला. दर महिन्याला एक डीव्हीडी, डिस्कसकट 200 रुपये. मालक म्हणाले, द्या.

आता कुणी म्हणेल, तपासून नको का घ्यायला? घेत होतो. दर वेळी तो डिस्क आत घालायचा, फोल्डरवर डबल क्लिक करायचा आणि पट्ट्या, बिलं सगळं धडाधड उघडून दाखवायचा. "हाय का नाही काका सगळं? बिनघोर ऱ्हावा." वर छापील स्टिकर, महिना, वर्ष. ड्रॉवरमध्ये चळत वाढत गेली. मला तर ती बघूनच बरं वाटायचं.

2021 मध्ये कॉम्प्युटर रडायला लागला. त्यानं नवी हार्ड डिस्क बसवली, चालू वर्षाचा टॅली टाकून दिला. "जुनं सगळं डीव्हीडीवर हाय, उगं ओझं कशाला?" आणि जुनी हार्ड डिस्क भंगार म्हणून घेऊन गेला. मीच पिशवी दिली त्याला.

2023 च्या दिवाळीनंतर 2018-19 च्या हिशोबाबद्दल जीएसटीची नोटीस आली. निवांतपणे डीव्हीडी घातली. फोल्डर दिसला, डबल क्लिक केलं, तर 'सापडत नाही'. दुसरी घातली, तेच. तिसरीलाही तेच.

संभाजीनगरला शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. त्यानं फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाखवला. साइज 2 केबी. "मामा, हा फोल्डर नाहीच. हा शॉर्टकट आहे." म्हणजे डिस्कवर फक्त पत्ता होता. माल आमच्याच डी ड्राइव्हमध्ये. तो पोरगा आमच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायचा, म्हणून उघडायचं. हार्ड डिस्क गेली आणि पत्त्यावरचं घरच गेलं. उघडल्यावर वरच्या पट्टीत डिस्कच्या ड्राइव्हचं अक्षर हवं होतं, तिथं डी असायचं. तीन वर्षं ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मग भाच्यानं डीव्हीडी उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो आणि लिखाण आतून बाहेर जातं. 4 जीबी भरले तर पट्टा जवळजवळ कडेपर्यंत यायला हवा. आमच्या डिस्कवर मधल्या छिद्राभोवती नखाएवढी कड होती, बाकी सगळं लख्ख कोरं. वेळेवरूनही कळायला हवं होतं. 16एक्स म्हणजे भरधाव वेगानंसुद्धा भरलेली डीव्हीडी लिहायला पाच-सहा मिनिटं जातात. याची डिस्क माझा चहा अर्धा व्हायच्या आत बाहेर यायची.

2019 च्या मार्च ते जून या चार महिन्यांचं प्रकरण आणखी निराळं. त्यानं पैसे घेतले चार डिस्कांचे, हातात डिस्क एकच. "त्यातच वाढवत न्यायलोय काका, मागचंबी हाय त्यात." उघडली तर फक्त जून. इथं भाच्यानं मला डिस्क लिहायच्या पद्धतींचं गणित सांगितलं. डिस्क ॲट वन्स म्हणजे सगळं एका दमात लिहून डिस्क कायमची बंद, पुन्हा एक ओळही घालता येत नाही. दुसरा प्रकार मल्टिसेशन. आज थोडं, पुढच्या महिन्यात थोडं, दर वेळचं लिखाण म्हणजे एक सेशन. यात नवं सेशन लिहिताना मागचं सेशन जोडून घ्यावं लागतं. नाही जोडलं तर कॉम्प्युटर शेवटचंच दाखवतो. मागचं पुसलेलं नसतं, झाकलेलं असतं. आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रॅमनं भाच्यानं ते बाहेर काढलं. चारही महिने मिळाले. खरा डेटा होता तो एवढाच, आणि तोही त्याच्या आळसानं वाचला असावा. दर महिन्याला नवी डिस्क घातली असती तर तिथंही शॉर्टकटच निघाले असते.

एका बाबतीत मात्र तो खरं बोलला होता. साडेचार जीबीचा फोल्डर एका डीव्हीडीत बसत नाही म्हणाला तेव्हा मला लबाडी वाटली होती, कारण डब्यावर 4.7 लिहिलेलं असतं. पण तो आकडा कंपनीच्या मोजणीचा, कॉम्प्युटरच्या मोजणीनं तो 4.38 च भरतो.

बाकीचे महिने मी बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि माळ्यावरच्या पोत्यातल्या कच्च्या पट्ट्यांवरून पुन्हा चढवले. त्यातल्या निम्म्या पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या. दीड महिना गेला. त्याला फोन केला, तर म्हणाला, डिस्कांना ओल लागली असंल.

आता डिस्क मीच लिहितो. वेग 4एक्स किंवा 8एक्स. डिस्क लिहायच्या प्रोग्रॅममध्ये लिहून झाल्यावर पडताळणी करायची, म्हणजे व्हेरिफायची टिक असते, ती काढत नाही. तो पोरगा नेहमी काढायचा, "लाईट जाईल काका" म्हणून. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. मग डिस्क घेऊन समोरच्या खताच्या दुकानात जातो आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन-तीन बिलं उघडून बघतो. त्यांना आधी गंमत वाटायची. शिवाय सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, ती मालकांच्या घरी.

परवा शेजारच्या गाळ्याचे मालक बोलता बोलता म्हणाले, आमचाही बॅकअप तोच पोरगा घेतो, डिस्का कपाटात आहेत. मी म्हटलं, आणा बघू. सात होत्या. एकेक ट्यूबलाइटखाली धरली. दोन कडेपर्यंत भरलेल्या निघाल्या.