नव्या राष्ट्राध्यक्षांचा लॅटेक्स मुखवटा: प्रहसनाला कितपत चालतो?

नवे राष्ट्राध्यक्ष विरोधकांची मनधरणी करतात, अशा प्रहसनात सगळी मजा बोलण्यात असते, आणि हा पूर्ण डोक्याचा मुखवटा तिथेच कमी पडतो. दुरून हुबेहूब दिसतो, पण हनुवटी सैल, ओठ ढिम्म. हनुवटीत आतून स्पंजचा तुकडा बसवा, म्हणजे जबड्याबरोबर तोंड हलतं. माइक कॉलरलाच लावा, आत श्वासाची फरफर येते. डोळ्यांची भोकं फारच बारीक. मिठीसाठी शेजारून आलेला विरोधी नेता दिसतच नाही! ती 2-3 मिलिमीटर वाढवा. घालण्याआधी आत टाल्कम पावडर. तेल किंवा व्हॅसलीन मुळीच नको, लॅटेक्स चिकट होऊन फाटतं. लांब संवाद असतील तर तोंड उघडं ठेवणारा अर्धा मुखवटाच घ्या.